समुद्रावरची सहल : डॉल्फिन पाहण्याची पूर्वतयारी
(मंडळाच्या मासिक सभेत वाचलेले भाषण)



गेल्या सभेत सहलीचा विषय निघाला, तेव्हा कुणी नरसोबाची वाडी सुचवली, कुणी गणपतीपुळे. तेवढ्यात आपल्यातली एक नवी सून हळूच म्हणाली, "समुद्रातले डॉल्फिन पाहायला जाऊ या का?" त्यावर थोडा हशा झाला, थोडी कुजबुज झाली आणि मग तीन-चार शंका एकदम पुढे आल्या. माझे माहेर हर्णैजवळचे आणि वडील होडीवर खलाशी होते, म्हणून चिटणीसबाईंनी मला आज्ञा केली की पुढच्या सभेत तुम्हीच याची सगळी माहिती सांगा. मला भाषणाची सवय नाही. पण घरात कार्य निघाले म्हणजे आपण जशी यादी करून बसतो, तशी मी एक यादी केली आहे. ती आपल्यापुढे वाचते.

पहिली शंका अशी होती, की एक मासा पाहायला एवढा खर्च कशाला? मासे बाजारात दिसतातच! तर आधी हे सांगते की डॉल्फिन हा मासा नव्हेच. तो पाण्यात राहतो एवढेच माशासारखे. बाकी सारे आपल्यासारखे. त्याचे रक्त उष्ण असते, त्याला फुप्फुसे असतात आणि श्वास घ्यायला त्याला पाण्याबाहेर यावेच लागते. त्याच्या डोक्यावर नाकपुडी असते. तो वर आला की 'फुस्स' असा आवाज येतो, तो त्याच्या श्वासाचा. मादी अंडी घालीत नाही. साधारण वर्षभर पोर पोटात वाढवते, एका वेळी एकच पिल्लू देते आणि त्याला अंगावर पाजते. पुढे दोन-दोन वर्षे ते पिल्लू आईच्या कुशीला लागून पोहते. एका बाळंतपणानंतर दुसरे व्हायला बहुधा तीन वर्षे तरी जातात.

आपल्या कोकणच्या किनाऱ्याजवळ जो डॉल्फिन नेहमी दिसतो, त्याच्या पाठीवर उंचवटा असतो आणि त्या उंचवट्यावर लहानसा पर. रंग राखाडी. पूर्ण वाढलेला डॉल्फिन अडीच मीटरच्या आसपास भरतो. तो खोल समुद्रात जात नाही. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात, खाड्यांच्या मुखाशी त्याचा संसार. म्हणून तर आपल्याला तो तासाभराच्या फेरीत दिसू शकतो. पण त्यामुळेच त्याच्यावर संकटही आहे. जिथे तो राहतो तिथेच आपली जाळी, आपल्या होड्या, आपली बंदरे आणि आपला कचरा. जगभरच्या शास्त्रज्ञांनी २०१४ साली ही जात वेगळी म्हणून मान्य केली आणि आज ती धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे. आपल्या देशाच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाला जे पहिल्या परिशिष्टाचे संरक्षण आहे, तेच डॉल्फिनला आहे. म्हणजे आपण बाजारातला मासा पाहायला नव्हे, तर वाघाच्या तोलाचा प्राणी त्याच्या घरी जाऊन पाहायला निघालो आहोत.

दुसरी शंका, देवदर्शन सोडून हे काय? यात सोडायचे काहीच नाही. हर्णैच्या खाडीपलीकडे आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती आहे. जवळच मुरूडला दुर्गादेवीचे मंदिर आहे. आणि मुरूड म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. कर्वे लहान वयात परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्याला पायी चालत गेले आणि तेथे गेल्यावर वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. त्याच कर्व्यांनी पुढे १८९३ साली एका विधवेशी विवाह केला, म्हणून गावाने त्यांना वाळीत टाकले. आणि त्याच कर्व्यांनी १९१६ साली स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले. महिला मंडळाने ज्या गावाला एकदा तरी जाऊन यावे, असे हे गाव आहे. तेव्हा सकाळी समुद्र, दुपारी मुरूड आणि परतताना गणपती, असा बेत सहज जमतो. बंदरासमोर पाण्यात सुवर्णदुर्ग किल्ला उभा आहे. त्याचेही दर्शन होडीतून होईल.

आता कधी जायचे? इथे नुसती शाळेची सुट्टी पाहून चालत नाही. समुद्राचे पंचांग पाहावे लागते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि पावसाळ्यात सहलीच्या होड्याही समुद्रात उतरत नाहीत. पाऊस सरला तरी पाणी निवळायला वेळ लागतो. म्हणून कार्तिक संपल्यापासून माघापर्यंतचा काळ सर्वांत चांगला. त्यातही सकाळ. रात्री जमीन लवकर निवते, त्यामुळे पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. आपण शाळेत मतलई वारे शिकलो होतो, तेच हे. त्या वेळी किनाऱ्याजवळचे पाणी परातीतल्या पाण्यासारखे स्थिर असते आणि डॉल्फिनची पाठ दुरूनही दिसते. अकराच्या पुढे खारे वारे सुटू लागले की लाटांवर पांढरा फेस येतो. मग पाठ कोणती आणि लाट कोणती हे कळत नाही, होडी हलते ती निराळीच.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. माझ्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हते, पण भरतीची वेळ ती तोंडी सांगायची. तिची रीत अशी : तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहा वाजता. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. पहाटे एक आणि संध्याकाळकडे एक अशा दिवसात दोन भरत्या, आणि भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून बंदरावर विचारून खात्री करावी. पण घरी बसून दिवस ठरवायला ही पाऊणकी पुरते.

आता पाहा. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या सुमारास, म्हणजे सकाळी सहाला पूर्ण ओहोटी. पाणी दूर गेलेले. शिवाय ते उधाणाचे दिवस, पाण्याला ओढ फार. आपल्यात साठी उलटलेल्या सात जणी आहेत. त्यांना ओल्या वाळूतून लांब चालत नेऊन होडीत कसे चढवायचे? कर्दे-मुरूडकडे वाळूवरूनच, पाण्यात पाय घालून होडीत चढावे लागते. उलट अष्टमीला भरती सकाळी सहाला. आपण साडेसातला निघालो तर पाणी जवळ असते, नवाला परतलो तरी फार उतरलेले नसते. आणि अष्टमीची भरती भांगाची, म्हणजे पाण्याची ओढ कमी. म्हणून मी मार्गशीर्ष शुद्ध अष्टमी सुचवते. चंपाषष्ठी दोन दिवस आधी होऊन जाते, तेव्हा घरचा खंडोबाचा कुलाचारही अडत नाही. ती अष्टमी नेमकी उपवासाच्या गुरुवारी आली, तर एक दिवस मागेपुढे करावा. सप्तमी आणि नवमीही चालण्यासारख्या आहेत.

प्रवासाचे म्हणाल तर कऱ्हाडहून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, खेड आणि दापोली असा एस.टी.चा रस्ता आहे. मार्च २०२३ पासून एस.टी.त आपल्याला निम्मे तिकीट लागते आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तिकीटच नाही. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत पोचून मुक्काम करावा. रात्रभर घाटातून येऊन तसेच होडीत बसणे बरे नाही. निम्म्या जणींना उलट्या होतील आणि डॉल्फिनऐवजी पिशव्याच पाहाव्या लागतील. आदल्या संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर वाळूत मासळीचा लिलाव चालतो, तो पाहण्यासारखा असतो. तेथे कोळी भगिनी ज्या तोऱ्यात भाव ठरवतात, ते पाहून आपल्यालाही पुष्कळ शिकता येईल.

आता तिसरी शंका, भीतीची. ती मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्यापैकी पुष्कळ जणींना पोहता येत नाही, आणि पाण्याला भिणे हा काही वेडेपणा नाही. उपाय मात्र आहेत. होडी ठरवायला आपल्या दोघी जणींनी आधी जाऊन यावे, फोनवर ठरवू नये. परवाना आहे का, किती माणसांचा आहे, लाइफ जॅकेट माणशी एक आहेत का, त्यांचे पट्टे आणि चापे धड आहेत का, हे डोळ्यांनी पाहावे. भांडे घेताना आपण ते वाजवून घेतो, मग जीव ज्यावर टाकायचा ते न बघता कसे घ्यावे? जॅकेट किनाऱ्यावरच घालून पट्टे आवळायचे. 'पुढे गेल्यावर घालू' हे चालणार नाही. साडीवर ते नीट बसते, फक्त पदर आत खोचावा. परवान्यापेक्षा एकही माणूस जास्त घ्यायचे नाही. आपण एकतीस जणी आहोत, तर होड्या लागतील तितक्या करू. दोन माणसांचे भाडे वाचवण्यासाठी दाटीवाटी नको. होडीत उभे राहायचे नाही आणि डॉल्फिन दिसला म्हणून सगळ्यांनी एका अंगाला धावायचे नाही. होडी कलंडते ती बहुधा अशानेच. आणि नाखव्याने आज समुद्र बरा नाही म्हटले, तर वाद न घालता परत फिरायचे. मुक्कामाचे पैसे गेले तर गेले.

किरकोळ सूचना : रिकाम्या पोटी बसू नये आणि भरल्या पोटीही नको. पोहे किंवा दोन घास भाकरी, बस्स. ज्यांना मळमळते त्यांनी होडीच्या मध्यावर बसावे आणि नजर दूर क्षितिजावर ठेवावी. आल्याचा तुकडा जवळ असावा. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, निघण्यापूर्वी. डोक्याला रुमाल हवाच, पाण्यावरून ऊन उलटून येते. खाण्याचा पुडा किंवा प्लास्टिकची पिशवी होडीत आणू नये, म्हणजे ती वाऱ्याने समुद्रात जाणार नाही.

आता चौथी गोष्ट. ही गेल्या सभेत शंका म्हणून निघाली नव्हती, सूचना म्हणून निघाली होती. एका भगिनीने सुचवले की होडीवाल्याला शंभर-दोनशे जास्त देऊ आणि सांगू, की डॉल्फिन अगदी जवळून दाखव. हेतू चांगला होता, हे मी जाणते. एवढ्या लांब जायचे, पैसे खर्चायचे आणि रिकाम्या हाताने यायचे, हे कुणाला रुचेल? तरी मी हात जोडून सांगते, की हे आपण करू नये. का, ते सांगते.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत मी माहेरी होते आणि भावाबरोबर होडीतून गेले होते. सकाळची वेळ, किल्ल्याच्या बाजूला एक मादी आणि तिचे पिल्लू वर आले. पिल्लू आईच्या निम्म्याहून लहान. क्षणात चहूबाजूंनी सहा होड्या तिकडे वळल्या. माणसे उभी राहून शिट्ट्या मारताहेत, टाळ्या वाजवताहेत, "इकडे, इकडे" म्हणून नाखव्याला ओरडताहेत. मायलेकरे बुडी मारून दुसरीकडे वर आली, की होड्या तिकडे. पुन्हा बुडी, पुन्हा पाठलाग. पिल्लाला आईइतका दम धरता येत नाही, त्याला लवकर वर यावे लागते. आणि वर यावे तर तेथे इंजिन. भावाने आपली होडी दूर थांबवली आणि म्हणाला, "ताई, आपण जाऊ या." आम्ही परतलो तरी मागे त्या आरोळ्या ऐकू येत होत्या.

यात दोष नुसता नाखव्याचा नाही. त्याचे पोट त्या फेरीवर आहे. पाठलाग त्याच्याकडून आपला आग्रह करवून घेतो आणि आपला शंभराचा जादा नोटा करवून घेते. डॉल्फिन गढूळ पाण्यात डोळ्यांनी कमी आणि आवाजाने जास्त पाहतो. तो बारीक टकटक आवाज काढतो आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून मासा कुठे, पिल्लू कुठे हे ओळखतो. अशा वेळी सभोवार चार-पाच इंजिने गरजू लागली, म्हणजे स्वयंपाकघरात धूर कोंडून आपल्याला पोळ्या लाटायला सांगण्यासारखेच झाले. खायचे, पाजायचे, विसावायचे सोडून ते नुसते पळत राहतात. रोज सकाळी असेच होऊ लागले, तर एक दिवस ते ती जागा सोडून जातील. मग होडीवाल्याची फेरीही गेली आणि आपल्या नातवंडांचे पाहणेही गेले.

कुणी म्हणेल, किनाऱ्यावरच्या लोकांना तरी त्याचे काय कौतुक आहे? खरे सांगायचे तर आमच्या लहानपणी कौतुक नव्हतेच. डॉल्फिन जाळ्यातली मासळी खातो, जाळे फाडतो. फाटलेले जाळे शिवायला आई आणि आम्ही बहिणी बसायचो, तेव्हा त्याला शिव्याच मिळायच्या. पण एकदा वडिलांच्या होडीच्या जाळ्यात एक लहान डॉल्फिन अडकला. त्याला वर येऊन श्वास घेता आला नाही तर तो पाण्यातच गुदमरतो, हे दर्याच्या माणसाला ठाऊक असते. तांडेलाने सुरी काढली आणि जाळे कापून त्याला सोडले. त्या दिवशी घरात पैसा आला नाही आणि आठवडाभर जाळे शिवण्यात गेले. त्या काळी अशा नुकसानीला कुणी विचारीत नव्हते. डिसेंबर २०१८ पासून मात्र महाराष्ट्र शासनाने योजना केली आहे. संरक्षित समुद्री प्राणी सोडवण्यासाठी मच्छीमाराने जाळे कापले, तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. ज्यांचे पोट जाळ्यावर, ती माणसे जाळे कापतात. मग आपण, ज्या केवळ मौजेसाठी जाणार, त्यांना पन्नास मीटर दूर थांबणे जड का जावे?

म्हणून माझी अशी विनंती आहे, की होडी ठरवतानाच नाखव्याला आपण चार गोष्टी सांगाव्या आणि त्या मंडळाच्या वहीत ठराव म्हणून लिहाव्या.

पहिली : डॉल्फिन दिसल्यावर निदान पन्नास मीटरवर वेग अगदी कमी करायचा. ते जवळ आले तर त्यांच्या मर्जीने येतील, आपण वाटेत आडवे जायचे नाही, मधून घुसायचे नाही. दुसरी : तेथे आधीच दोन होड्या असतील, तर आपण थांबून वाट पाहायची. तिसरी : बरोबर पिल्लू असेल, किंवा ते सारखे बुड्या मारून दिशा बदलत असतील, तर तेथून निघायचे. एरवीही पंधरा-वीस मिनिटांहून जास्त रेंगाळायचे नाही. चौथी : खायला काही टाकायचे नाही, आणि आपण सगळ्यांनी तोंड मिटून बसायचे. ही शेवटची अट नाखव्यापेक्षा आपल्यालाच जड जाणार आहे, हे मी जाणून आहे!

आणि तो जादा पैसा द्यायचाच असेल, तर जो नाखवा या चार गोष्टी पाळील त्याला फेरी संपल्यावर खुशीने द्यावा. डॉल्फिन दिसो वा न दिसो. म्हणजे पाठलाग न करण्यातही दोन पैसे आहेत, हे बंदरावर कळेल.

मग इतक्या दुरून दिसणार काय? सिनेमात दाखवतात तशा उड्या आपले डॉल्फिन फारशा मारीत नाहीत. आधी पाण्यावर सुरय पक्षी कुठे घिरट्या घालून सूर मारताहेत, ते पाहावे. तेथे मासळी असते आणि जेथे मासळी तेथे डॉल्फिन असण्याचा संभव. मग एका जागी नजर स्थिर ठेवावी. प्रथम पाणी जरासे फुगते, तो 'फुस्स' आवाज येतो, राखाडी पाठ चाकासारखी वळते आणि नाहीशी होते. थोड्या अंतरावर दुसरी, तिच्या शेजारी तिसरी. तीन-चार श्वास घेतले की मोठी बुडी. मग मिनिट-दोन मिनिटे वाट पाहायची. एवढेच. पण चित्रातला डॉल्फिन आणि आपल्यासमोर श्वास घेणारा डॉल्फिन यात किती अंतर आहे, हे तो आवाज कानाने ऐकल्यावरच कळते.

कदाचित दिसणारही नाही. समुद्र हे प्राणिसंग्रहालय नव्हे, आणि जो 'नक्की दाखवतो' म्हणून हमी देईल त्याची होडी आपण घेऊ नये, असे मी म्हणेन. न दिसला तरी पहाटेचा समुद्र, किल्ला, कर्व्यांचे गाव आणि गणपती आपल्या पदरात पडेलच. शिवाय एक गोष्ट आणखी. आपल्यातल्या कितीतरी जणी लग्नानंतर बारसे, लग्न, आजारपण किंवा दुखवटा याशिवाय गावाबाहेर पडलेल्या नाहीत. कुणाचे काही करायचे नाही, नुसते पाहायचे, अशासाठी घराबाहेर पडण्याची ही पुष्कळ जणींची पहिली वेळ असेल. भिशीतून दर महिन्याला थोडे बाजूला टाकले, तर मार्गशीर्षापर्यंत कुणालाही घरात हात पसरावा लागणार नाही. ज्यांना तेही जमणार नाही, त्यांची नावे चिटणीसबाईंकडे गुपचूप द्यावी, मंडळ पाहून घेईल.

ज्यांना यायचे आहे त्यांनी पुढच्या सभेपर्यंत नावे नोंदवावी. वय, औषधे चालू असल्यास ती, आणि घरचा एक फोन नंबर सोबत लिहावा. होडी पाहून येण्यासाठी दोघी जणी हव्यात, त्यातली एक मी आहे. दुसरीने आजच हात वर करावा.